हात धुतलासा का?

"झालं न्हवं आता बरं?" कोल्हापुरात महाद्वार रोडवर, बिनखांबी गणपतीपाशी, भाजी मंडईत, कुणाच्या लग्नाच्या मांडवात, कुठेही गेले तरी हा प्रश्न मला विचारला जातो. विचारणाऱ्याच्या आवाजात खरी काळजी असते. मी "हो" म्हणते, कारण रस्त्यात उभं राहून याहून जास्त सांगता येत नाही. माझ्या धाकट्याच्या पोटात त्याच्या आजीच्या यकृताचा तुकडा आहे. तो उत्तम काम करतोय, आणि करत राहावा म्हणून आमच्या घरात सकाळी आठ आणि रात्री आठ या वेळा कुणी चुकू देत नाही. ऑपरेशन एका दिवसात संपलं. बरं होणं त्यानंतर सुरू झालं आणि अजून चालूच आहे. सगळे ऑपरेशनचं विचारतात. मला लिहायचंय ते त्यानंतरच्या घराबद्दल.

तरी आजाराचं थोडं सांगायलाच हवं, कुणा आईच्या उपयोगी पडेल म्हणून. बाळ मे २०१८ मध्ये झालं. वजन चांगलं, अंगावर पितही होतं, फक्त डोळ्यांतली पिवळी छटा जात नव्हती. कोवळ्या उन्हात धरा, जाईल, असं सगळेच म्हणत होते, आणि नवजात बाळांची कावीळ बहुतेक वेळा जातेही. याची गेली नाही. शीचा रंग मात्र फिका होत होत पांढुरका, मातकट झाला आणि लघवी लंगोटावर डाग राहील इतकी गडद. आजाराचं नाव बिलियरी अट्रेझिया. यकृतातलं पित्त आतड्यात नेणाऱ्या नळ्या बुजतात, पित्त आतच साठतं आणि यकृत आतून निबर होत जातं. जपानच्या डॉ. मोरिओ कासाई यांनी १९५०च्या दशकात यावर एक शस्त्रक्रिया शोधली. आतड्याचा एक भाग वर नेऊन थेट यकृताला जोडायचा. बाळ साठ दिवसांचं व्हायच्या आत ती झाली तर पित्त वाहू लागण्याची शक्यता जास्त असते. आमच्या बाळाची ती शस्त्रक्रिया झाली, काही आठवडे पित्त वाहिलं, मग थांबलं. कासाईनंतरही पुष्कळ बाळांना पुढे यकृत बदलावं लागतं, आणि लहान मुलांच्या यकृत प्रत्यारोपणाचं सगळ्यात मोठं कारण हाच आजार आहे.

तैवानमध्ये २००४ पासून प्रत्येक नवजात बाळाच्या घरी शीच्या रंगांचं एक कार्ड जातं. हे रंग ठीक, हे रंग दिसले की लगेच डॉक्टरांकडे, इतकंच त्यावर असतं. असं कार्ड आपल्या प्रत्येक अंगणवाडीच्या भिंतीवर आणि प्रत्येक बाळंतिणीच्या उशाशी असावं, असं मला फार तीव्रतेनं वाटतं. कागद आणि रंगीत छपाई, याहून त्याला काय लागतं? बाळाची कावीळ दोन आठवड्यांनंतरही उतरली नसेल तर रक्तातलं 'डायरेक्ट बिलिरुबिन' तपासून घ्यावं. हे वाक्य मी भेटेल त्या गरोदर बाईला सांगते. शाळेतल्या माझ्या सहकारी शिक्षिकांना तर ते पाठ झालंय.

यकृत कुणी द्यायचं हे ठरायला वेळ लागला. माझा रक्तगट जुळला नाही. नवऱ्याचा जुळला, पण त्याच्या यकृतात चरबी निघाली. वजन उतरवून काही महिन्यांनी पुन्हा पाहता आलं असतं, पण बाळाकडे तेवढे महिने नव्हते. पोट फुगलं होतं, हातपाय काटकुळे झाले होते, कातडी खाजवून खाजवून ओरखडे उठायचे. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, त्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीत आल्याच नव्हत्या. बाहेर बाकावर बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. आम्ही बाहेर आलो, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग माझं बघा की. मी देतो."

१९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात जवळचे नातेवाईक म्हणजे नवरा-बायको, मुलं, आईवडील आणि भावंडं एवढेच होते. २०११ मध्ये कायदा बदलला तेव्हा त्यात आजी-आजोबा आणि नातवंडं आली. आत्यांना हे काहीच ठाऊक नव्हतं. पन्नाशीला टेकलेली, तब्येतीनं खणखणीत आणि रक्तगट जुळणारी आजी बाळाला होती, आणि तिला देऊ देणारा कायदा आठ वर्षांपूर्वीच झाला होता. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणून बाळ आज आहे. अवयवदानाला परवानगी देणाऱ्या समितीसमोर त्यांना विचारलं, कुणाचा दबाव आहे का? "नातू माझा हाय," त्या म्हणाल्या, "दबाव कुणाचा असणार?"

डॉक्टरांनी त्यांना चित्र काढून समजावलं. डाव्या बाजूचा लहान भाग काढायचा, साधारण पाचवा-चौथा हिस्सा. राहिलेलं यकृत काही आठवड्यांत वाढून जवळजवळ पहिल्याएवढं होतं, आणि बाळाच्या पोटातला तुकडा बाळासोबत वाढतो. आत्यांनी एकच प्रश्न विचारला, "मी परत भाकरी कधी थापायला लागतो?" डॉक्टरांनी त्या प्रश्नाचं नीट उत्तर दिलं. भाकऱ्या लवकर, पण पाण्याची घागर आणि बाळाला उचलणं तीन महिने नाही. त्या उत्तराचा दुसरा भाग आम्हांला किती जड जाणार आहे, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

प्रत्यारोपणासाठी आम्ही पुण्याला गेलो. तिथल्या वॉर्डात एका नर्सताईंनी आम्हांला सांगितलं होतं की भारतातलं लहान मुलाचं पहिलं यशस्वी यकृत प्रत्यारोपण १९९८ साली दिल्लीत झालं, तेही अशाच एका लहानग्यावर, याच आजारासाठी, वडिलांच्या यकृतातला भाग घेऊन. तो तमिळनाडूचा मुलगा मोठा होऊन डॉक्टर झाला. ऑपरेशनच्या रात्री मी दुसरं काहीच मनात येऊ दिलं नाही. त्या अनोळखी मुलाला घट्ट धरून बसले होते.

मार्च २०१९ मध्ये प्रत्यारोपण झालं. बाळ तेव्हा दहा महिन्यांचं होतं. पैशांचं थोडक्यात सांगते, कारण त्याची वेगळी कहाणी होईल. पतसंस्थेचं कर्ज, मुख्यमंत्री सहायता निधी, उद्यमनगरातल्या नवऱ्याच्या वर्कशॉपमधल्या सगळ्यांनी काढलेली वर्गणी, आणि गुजरीत मोडलेला आत्यांचा कोल्हापुरी साज. आयसीयूत रोज डॉप्लर व्हायचं, नव्या यकृतातला रक्तप्रवाह ठीक आहे ना हे पाहायला. बारीक रक्तवाहिनीत गुठळी होण्याची भीती पहिल्या दिवसांत मोठी असते. मग एका सकाळी नर्सताईंनी मला हाक मारली आणि लंगोट उघडून दाखवला. पिवळी शी. मी तिथेच रडले, आणि नवऱ्यानं वर्कशॉपच्या ग्रुपवर ती बातमी टाकली. बाळाच्या शीच्या बातमीला इतके नमस्कार आणि इतकी फुलं आणखी कुठं मिळाली असतील असं वाटत नाही.

घरी परतलो तेव्हा चैत्र सरत आला होता. शिवाजी पेठेतलं आमचं घर जुनं, दार दिवसभर उघडं, गल्लीतलं कुणीही थेट स्वयंपाकघरापर्यंत येणार. त्या घराला आता दार लागलं. चपला गल्लीतच काढायच्या. उंबऱ्याशी नवऱ्यानं स्वतः नळ जोडून बेसिन बसवलं. आतल्या कुंड्या बाहेर गेल्या, कारण कुंडीतल्या ओल्या मातीतली बुरशी अशा बाळाच्या फुप्फुसाला बाधू शकते. पोपडे आलेली भिंत आधीच रंगवून घेतली होती, बाळ आल्यावर घरात धूळ उडवायची नाही म्हणून. उकळलेलं पाणी, वेगळी भांडी, ताजं शिजवलेलंच अन्न. प्रत्यारोपण झालेल्या शरीराला ते यकृत परकंच वाटत असतं. शरीरानं त्याच्यावर तुटून पडू नये म्हणून प्रतिकारशक्ती औषधानं दाबून ठेवायची. ती दाबली की साधा खोकलाही साधा राहत नाही.

आमच्याकडे माया दुरून करायची पद्धत नाही. बाळ बघायला आलेली बाई बाळाच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडणार. कुणी अंबाबाईचं कुंकू आणणार, कुणी जोतिबाचा गुलाल कपाळाला लावायला पुढे होणार, कुणी अंगारा जिभेवर ठेवायला बघणार. पेठेतल्या ज्या बायकांनी आम्ही पुण्यात असताना माझ्या थोरलीला जेवू घातलं, मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, दोन वेळचा डबा दिला, त्यांनाच उंबऱ्यात थांबवायचं होतं. मला ते जमेना. बोलायला गेले की शब्द घशात अडकत.

ते काम थोरलीनं घेतलं. ती तेव्हा सहा वर्षांची, पहिलीत जाणारी. बेसिनशेजारी पाट टाकून बसायची आणि येणाऱ्याला विचारायची, "हात धुतलासा का?" आजोबांच्या वयाच्या माणसालाही तोच प्रश्न, त्याच आवाजात. धुतले म्हणणाऱ्याला ती हात पुढे करायला लावून वास घ्यायची. साबणाचा वास आला नाही तर परत बेसिनकडे बोट. तालमीतली दांडगी पोरं तिच्यापुढे शाळेतल्यासारखी रांगेत हात धुवायची. आणि कुणाला राग आला नाही, हे मला आजही मोठं वाटतं. काही दिवसांत बायकांनी आपली रीत बदलली. कुंकवाची पुडी देव्हाऱ्यात ठेवायला माझ्या हातात द्यायच्या. दृष्ट उंबऱ्याबाहेरूनच काढायच्या. त्या वर्षी गणपतीच्या मिरवणुकीत आमच्या दारासमोर गुलाल उधळायचा नाही, हे तालमीच्या पोरांनी आपापसात ठरवलं. आम्ही सांगायलाही गेलो नव्हतो.

मामांचं दुःख वेगळं होतं. ते तरुणपणी तालमीत घुमलेले, खासबागेत कुस्ती केलेले. आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर गंगावेशीत दूधकट्टा आहे. संध्याकाळी तिथे म्हशी येतात आणि समोर धार काढून फेसाळ दुधाचा ग्लास हातात देतात. पैलवान, पोरंसोरं, पेठेतले म्हातारे, सगळे उभ्यानं पितात. आपला नातू चालायला लागला की त्याला खांद्यावर घेऊन कट्ट्यावर जायचं आणि पहिला ग्लास पाजायचा, हे मामांनी तो जन्मला त्याच दिवशी ठरवलं होतं. थोरलीला त्यांनी तसंच नेलं होतं. आणि डॉक्टरांच्या कागदावर ठळक लिहिलेलं, न तापवलेलं दूध वर्ज्य. कच्च्या दुधातले जंतू इतर मुलं पचवतात, याला ते महागात पडू शकतात. मामा वाद घालणारे नाहीत. ते गप्प झाले, आणि त्यांचं गप्प होणं मला जास्त लागलं.

एकदा नवरा प्रतिकारशक्ती दाबून ठेवणाऱ्या त्या औषधाची माहिती वाचून दाखवत होता. टॅक्रोलिमस. जपानमध्ये त्सुकुबा इथल्या मातीच्या नमुन्यात १९८४ साली एक सूक्ष्मजीव सापडला, त्याच्यापासून हे औषध निघालं. मामांनी मान वर केली. "मातीतलं?" पुन्हा वाचायला लावलं. मग बराच वेळ ते आखाड्याच्या मातीबद्दल बोलत राहिले. ती कशी चाळायची, तीत ताक, तेल, हळद, लिंबू कसं मुरवायचं, जखमेवर ती कशी लावायचे. "म्हंजे बाळ मातीवरच वाढायलंय म्हण की." त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळचं औषध ही त्यांची जबाबदारी झाली. माप नवरा काढायचा. कॅप्सूल पाण्यात विरघळवून त्यातलं ठरलेलं पाणी सिरिंजमध्ये ओढायचं. दिवसभर लेथवर मिलिमीटरचे भाग मोजणारा त्याचा हात इथेही हलायचा नाही. पण घड्याळ मामांचं. साडेसातला बाळाचं दूध बंद, आठला औषध, रेडिओच्या बातम्या चालू असोत की दारात पाहुणे असोत. कट्ट्याऐवजी त्यांनी गोकुळच्या पिशवीचं दूध तापवायला स्वतः शिकून घेतलं. उकळी आली की मोठ्यानं आकडे मोजतात, मगच गॅस बंद करतात.

आत्यांच्या पोटावरची जखम भरत होती आणि बाळ त्यांच्याकडे झेपावत होतं. जन्मल्यापासून तो आत्यांच्याच कडेवर. कावीळ, सुया, पहिली शस्त्रक्रिया, या सगळ्यात रडं थांबवण्याचा एकच उपाय होता, आत्यांचा खांदा. आता त्या समोर बसलेल्या असायच्या, तो हात पसरून हंबरडा फोडायचा, आणि त्यांना त्याला उचलता येत नव्हतं. आपल्या अंगातलं काढून ज्याला दिलं त्याला जवळ ओढून घ्यायची मनाई. मी त्याला त्यांच्या मांडीत ठेवायची तर लाथा झाडत थेट टाक्यांवर. मग पाय तिकडे आणि डोकं आत्यांच्या खांद्याशी असं उशांच्या मधोमध निजवायला आम्ही शिकलो. त्या काळात आत्या रात्री उठून बसायच्या. दुखतं का विचारलं तर नाही म्हणायच्या. एकदा म्हणाल्या, "सगळे बाळाचं विचारत्यात. मला कुणी विचारलं न्हाई, तुझं पोट कसं हाय." त्यानंतर रोज सकाळी चहा देताना मी विचारायचं ठरवलं, आणि अजून विचारते. रुग्णालयं दात्याला आठवड्याभरात घरी पाठवतात आणि सगळी नजर बाळाकडे वळते. ज्या घरात दाता आणि बाळ एकाच छपराखाली बरे होत असतात, तिथे दोन आजारी माणसं आहेत हे घरच्यांनी लक्षात ठेवायला हवं.

काही महिन्यांनी बाळाचे गाल वर आले. चेहरा गोल, कपाळावर बारीक लव. गल्लीतल्या बायका उंबऱ्यातून बघून खूश व्हायच्या. "बाळसं धरलं बघा!" ते बाळसं स्टेरॉइडचं होतं. आदल्या पंधरवड्यात यकृताच्या रक्ततपासणीतले एसजीपीटी आणि एसजीओटी हे आकडे अचानक चढले होते. आम्ही रातोरात पुणे गाठलं, सुईनं यकृताचा कण काढून तपासला, शरीर नव्या यकृताला नाकारायला लागलं होतं. पहिल्या काही महिन्यांत असं पुष्कळांना होतं आणि वेळेत कळलं तर मोठ्या डोसच्या स्टेरॉइडनं बहुतेकदा आटोक्यातही येतं. डॉक्टरांनी हे आधीच सांगून ठेवलं होतं, तरी प्रत्यक्षात आलं तेव्हा पायांतली ताकद गेली. आटोक्यात आलं. बायकांचं कौतुक मी थांबवलं नाही. त्यांनी आनंदानं म्हटलेलं होतं आणि आम्हांला आनंदाची गरज होती.

थोरलीचं लिहिताना मात्र हात अडतो. जूनमध्ये शाळा सुरू झाली, पाऊस लागला, आणि तिला ताप आला. साधा पावसाळी ताप, वाहतं नाक. त्या दिवशी तिला आमच्याच घरातून बाहेर काढावं लागलं. शेजारच्या काकूंनी त्यांची माडीवरची खोली दिली. गॅलरीतून गॅलरी दिसते इतकं जवळ, पण दोन्ही पोरांजवळ एकाच वेळी जाणं शक्य नव्हतं. तिच्याकडे गेले असते तर परत येऊन बाळाला घेता आलं नसतं. मामा तिच्याकडे राहायला गेले. मी गॅलरीत उभी राहून तिला गोष्ट सांगायची, पाऊस असला की ओरडून. एका रात्री तिनं तिकडून विचारलं, "मी हात धुतले होते की गं, तरी मला का आला?" सहा वर्षांच्या मुलीला वाटत होतं की नियम पाळला की काहीच होत नाही, म्हणजे झालंय ते आपण नियम मोडल्यामुळेच. मी तिला सांगितलं की ताप कुणालाही येतो, हात धुतलेल्यालाही, आणि तू घरातली सगळ्यात चांगली राखणदार आहेस. तिनं ऐकलं. पटलं की नाही, कळलं नाही. ताप उतरल्यावर डॉक्टरांना विचारून मी एक ठरवून टाकलं. आठवड्यातली एक दुपार तिची. त्या दुपारी बाळ आत्यांकडे, औषध मामांकडे, आणि मी थोरलीला घेऊन रंकाळ्यावर. भेळ खायची, पाय दुखेपर्यंत चालायचं, आणि बाळाचा विषय तिनं काढला तरच काढायचा. प्रत्यारोपणाच्या कागदांत भावंडांसाठी कांजिण्यांच्या लशीचा उल्लेख असतो, तो हवाच. ही दुपारही तितकीच जरुरीची आहे.

मग ऑगस्ट २०१९ आला. त्या महापुराबद्दल कोल्हापुरात कुणाला सांगायची गरज नाही. पंचगंगा शहरात शिरली, शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं आणि पुण्याचा रस्ता अनेक दिवस बंद पडला. शिवाजी पेठ उंचावर, घरात पाणी आलं नाही. पण शिंगणापूर-बालिंग्याची पंपिंग स्टेशनं बुडाली आणि नळ कोरडे झाले. पूर चहूकडे आणि प्यायला पाणी नाही. औषधाची आम्हांला चिंता नव्हती, नवरा महिन्याभराच्या गोळ्या कायम शिल्लक ठेवायचा. अडचण रक्ताच्या तपासणीची होती. टॅक्रोलिमसची पातळी तपासायला नमुना बाहेरगावी जायचा. पातळी उतरली की शरीर यकृत नाकारतं, चढली की मूत्रपिंडाला त्रास, हाताला कंप. ती ठराविक दिवसांनी पाहावीच लागते, आणि बाळाला नुकताच तो धक्का बसून गेलेला. पुण्याच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, इथे होणारी यकृताची साधी तपासणी करून आकडे कळवा, त्यावर काढू हे दिवस. आकडे ठीक आले. पाण्याची सोय तालमीच्या पोरांनी केली. टँकर आला की पहिली घागर आमच्या उंबऱ्यात, आणि ठेवणारा आधी बेसिनकडे बघायचा, मग नळाला पाणी नाही हे आठवून पोरीकडे बघून हात वर करायचा. ती गंभीरपणे सॅनिटायझरची बाटली पुढे करायची.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये सगळं जगच उंबऱ्यात थांबलं. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, आम्हांला काय नवीन न्हाई, तुमच्या पोरीनं वर्षभर आधीच शिकवलंय. भीती आम्हांलाही होती, पण सवय झालेली होती.

आता तो सात वर्षांचा आहे. जिवंत जंतूंच्या लशी त्याला देत नाहीत. लहान होता तेव्हा पल्स पोलिओच्या रविवारी दारावर येणाऱ्या ताईंना मी कागद दाखवायची. त्याला पोलिओची लस सुईनं दिलेली आहे. गौरी-गणपतीत कुणी पपनस आणलं तर ते घरातली बाकीची खातात. त्याच जातीच्या ग्रेपफ्रूटसारखं पपनसही औषधाची पातळी चढवतं, म्हणून तो खात नाही. कुणी देऊ केलं तर स्वतःच सांगतो, "मला चालत न्हाई, माझ्या पोटात आज्जी हाय." शाळेत वर्गात कांजिण्या आल्या की त्याच दिवशी मला कळवायचं, असं त्याच्या बाईंना सांगून ठेवलंय. संसर्ग झाला असेल तर औषध लगेच सुरू करावं लागतं. मी स्वतः शाळेतून आले की आधी अंघोळ, मग पोरं. मध्यंतरी तो मामांबरोबर गंगावेशीत गेला होता. कट्ट्यावर उभा राहून त्यानं घरून बाटलीत नेलेलं तापवलेलं दूध प्यायलं आणि शेजारी मामांनी ग्लास. दोघांच्या मिशा पांढऱ्या झालेला फोटो मामांनी त्यांच्या तालमीतल्या सगळ्यांना पाठवला.

गेल्या महिन्यात गडहिंग्लजकडच्या एका गावातून फोन आला. कुणाकडून तरी आमचा नंबर मिळाला होता. मुलगी सहा महिन्यांची, कासाई झालेली, पित्त थांबलेलं. तिची आई बोलताना सारखी माफी मागत होती, वेळ घेतल्याबद्दल. मी तिला सांगितलं, पातळीचं रक्त सकाळच्या डोसच्या आधी द्यायचं असतं, त्यामुळे लॅबमध्ये जाताना डोस पिशवीत घेऊन जायचा आणि रक्त दिल्या दिल्या पाजायचा. औषध कधीही एकाच दुकानावर विसंबून ठेवायचं नाही. कंपनी बदलली तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायचं नाही. तापाला शंभर पूर्णांक चार ही रेघ, तिच्यापुढे गेला की घरगुती काही न करता फोन. मोठं मूल आहे का? आहे, मुलगा आहे. मग त्याची एक दुपार राखून ठेव.

ती लिहून घेत होती. मग तिच्या सासूनं फोन घेतला. यकृत त्याच देणार आहेत. त्यांना माझ्याशी बोलायचं नव्हतं. मी फोन आत्यांना दिला. आत्यांनी पाट ओढला आणि सुरू झाल्या. "किती वय तुमचं? बीपी, साखर काय न्हाई न्हवं? मग काय भ्यायचं न्हाई. पयले तीन-चार दिवस जड जात्यात, खोटं कशाला सांगू. उठताना कुशीवर व्हायाचं, मग हाताच्या जोरावर बसायचं. खोकला आला तर उशी पोटाशी गच्च धरायची. आन् घरात कुणी तुमचं विचारलं न्हाई तर सरळ सांगायचं, माझंबी पोट फाडलंय, मलाबी विचारा."